नानाचे दोन मांडव

लोकांच्या लग्नात मी अडतीस वर्षं उन्हात उभा राहिलो. सावली माझीच असायची, पण ती नीट बसली आहे की नाही हे बाहेर उभं राहूनच कळतं. त्यामुळे जुन्नर-आंबेगावातल्या निम्म्या लग्नांना मी हजर असूनही एकाही फोटोत नाही. असलोच तर अगदी कडेला, हातात घण आणि तोंड आभाळाकडे.

मी जुन्नरचा. नाव दस्तगीर, धंदा मांडवाचा. माझा मुलगा आता त्याला 'इव्हेंट' म्हणतो. तो लोखंडी सांगाडा उभा करतो, त्यावर दिवे लावतो आणि नवरी येताना खालून धूर सोडतो. मला तो धूर बघितला की कुठं तरी वायर जळाली असं वाटून मी उठून उभा राहतो. म्हणून हल्ली तो मला कामावर नेत नाही. घरी बसलेल्या माणसाला कुणी काही लिहायला सांगितलं की तो नाही म्हणत नाही. या अंकासाठी आठवणी मागितल्या, सगळ्या लिहायच्या तर अंकालाच मांडव घालावा लागेल. तेव्हा एकाच माणसाच्या दोन मांडवांचं सांगतो.

आधी धंदा समजून घ्या. मांडव खांबांवर उभा असतो असं लोकांना वाटतं, कारण खांब दिसतात. खरा मांडव उभा असतो तणाव्यांवर, म्हणजे चारी बाजूंनी जमिनीकडे ओढून बांधलेल्या दोरांवर. तणाव्याचं एक टोक खांबाच्या डोक्याला, दुसरं जमिनीत ठोकलेल्या मेखेला. आणि दुसरी गोष्ट, वारा मांडव पाडत नाही. वारा आत शिरतो आणि मांडव उचलतो. पडतो तो नंतर. छत्री उलटी होताना बघितली असेल तर हे वेगळं सांगायला नको.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. वारूळवाडीच्या एका द्राक्षबागायतदाराने मुलीच्या लग्नाआधी माझ्या मांडवाची परीक्षा घेतली होती. बागेत औषध फवारायचा ब्लोअर ट्रॅक्टरला जोडून आणला, टाकीत साधं पाणी भरलं आणि मांडवाला चारी बाजूंनी आंघोळ घातली. स्वतः आत खुर्ची टाकून बसला होता. एक थेंब त्याच्या टोपीवर पडला. तो म्हणाला, नापास. मी त्याला खुर्ची दोन फूट सरकवून दिली आणि पास झालो. मंगलाष्टकं मला सगळी पाठ आहेत. एकदा निरगुडसरला भटजी मध्येच अडकले, तेव्हा खांबाआडून पुढची ओळ मीच सांगितली होती. तेव्हापासून ते गुरुजी मला हाकेच्या अंतरावर उभं करायचे.

निरगुडसरचं नाव निघालं की मला नाना आठवतो, आणि नाना आठवला की मी विषय बदलतो. म्हणजे बदलायचो, गेल्या वैशाखापर्यंत.

नानाचं लग्न हा माझा स्वतःच्या नावावरचा पहिला मांडव. त्याआधी मी अब्बांच्या हाताखाली होतो. मी एकोणीस वर्षांचा, नाना बावीसचा. आमची दोस्ती विहिरींवरची. तो विहिरीत सुरुंग उडवायचा आणि मी त्या खणणाऱ्यांना सावलीला ताडपत्री बांधून द्यायचो. लग्न ठरल्यावर त्याने घरच्यांना ठणकावलं, मांडव दस्त्याच घालणार. लग्न त्याच्या दारात होतं.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवडहाळे असतात. आंबा, जांभूळ, उंबर अशा पाच झाडांचे डहाळे बैलगाडीत भरायचे, गाडी मारुतीच्या देवळाला न्यायची आणि वाजतगाजत दारातल्या मांडवात आणायची. डहाळे मांडवावर चढले की मग तो मांडव झाला. त्याआधी ते नुसतं कापड. सगळा गाव त्या गाडीपुढं नाचतो, आणि लग्नाला न आलेल्याला लोक माफ करतात पण डहाळ्यांना न आलेल्याला करत नाहीत.

नानाच्या डहाळ्यांची गाडी दाराशी आली तेव्हा माझे दोन तणावे तिच्या वाटेत येत होते. मी ते सोडले, मेखा उपटून बाजूला ठेवल्या, गाडी आत घेतली. ताशा असा काही कडाडत होता की माझे पाय जागेवर राहिनात. एकोणीस वर्षांचं वय आणि पहिला मांडव. मी गाडीपुढं नाचलो, घामाघूम होईपर्यंत नाचलो, मग जेवलो आणि झोपलो. मेखा भिंतीकडेला तशाच पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मंगलाष्टकाला पश्चिमेकडून वारा आला आणि मांडव उचलला गेला. मग खाली आला. नवरा, नवरी, गुरुजी, दोन्ही मामा आणि निम्मं गाव लाल कापडाखाली. कुणाला लागलं नाही, फक्त एका पावण्याचा फेटा हरवला तो अजून सापडला नाही. मी मेखा बघितल्या आणि गर्दीचा फायदा घेऊन त्या पिशवीत टाकल्या.

गाव म्हणालं, वावटळ होती, देवाची करणी. मी मान हलवली. म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, मांडव पडला, हा अपशकुन, ही पोरगी काही लाभायची नाही. नानाची नवी नवरी, आमच्या मंगलवहिनी, तेव्हा अठराच्या असतील. कापडाखालून बाहेर येऊन मुंडावळ्या सरळ करत त्या म्हणाल्या, "मांडव पडलाय, माजं कपाळ न्हाई." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पण खरं सांगायची हिंमत झाली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढं कधीच नाही. पुढं मी शेकडो मांडव घातले. एकही पडला नाही. लोक म्हणायचे, भाईचा मांडव म्हणजे डोंगर. मी म्हणायचो, वरच्याची मेहेरबानी.

लग्नानंतर थोड्या वर्षांनी नाना लांब राजस्थानात गेला. तिकडं वाळवंटात पांढऱ्या दगडाची खाण होती, सुरुंगाचं काम जाणणारा माणूस हवा होता. मग वहिनीही तिकडं राहायला गेल्या, तिथंच त्यांची मुलगी स्वाती झाली. नाना वर्षातून एकदा गावी यायचा आणि मला भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय राव, आज कुणाचा पाडला?" मी हसायचो. रात्री मला ते हसू टोचायचं.

गेल्या वर्षी स्वातीचं लग्न ठरलं. मुलगा घोडेगावचा, लग्न निरगुडसरला, तारीख ठरली. आणि निवृत्तीला महिना राहिला असताना नाना खाणीत पाय घसरून पडला. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली आणि डॉक्टरांनी तीन महिने प्रवास बंद केला. स्वाती म्हणाली, बाबा नाहीत तर लग्न नाही. तेव्हा घोडेगावच्या पावण्यांनी मोठ्या मनाने सांगितलं, नवरीचा बाप येऊ शकत नाही तर आम्ही वऱ्हाड घेऊन येतो. मग नानाचा मला फोन आला.

तो म्हणाला, "दस्त्या, माजा मांडव तू पाडलास. आता पोरीचा हुबा करून दे."

मी म्हटलं, तिकडं मांडववाले असतील की. तो म्हणाला, असतील, पण त्यांनी माझा पाडला नाही. मी बांबू मोजायला लागलो. मुलगा म्हणाला, अब्बा, या वयात वाळवंटात कशाला. मी त्याला सांगितलं, ही गोष्ट धुराने होणार नाही. टेम्पोत बांबू, कापड, दोर भरून पुढं पाठवले आणि सोनबाला सोबत घेतलं.

सोनबा डिंभ्याच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला. पावसाळ्यात भातशेती आणि लग्नसराईत माझ्याकडे, असं त्याने तीस वर्षं केलंय. दोराची गाठ त्याने मारली की ती सोडायला त्यालाच बोलवावं लागतं. दोन दिवसांच्या प्रवासात त्याला एकच चिंता होती. बाहेर बघत म्हणाला, "भाई, हितं दगूडच न्हाई कुटं. मेख धरायची कशाला?"

गावाचं काय सांगू. एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना खाणीची एकसारखी घरं, घरांना नावं नाहीत तर नंबर. पाणी टँकरने. सगळ्यावर पांढरी धूळ, इतकी की तिथला काळा कुत्रा काळा आहे हेही आम्हाला तिसऱ्या दिवशी पाऊस पडल्यावर कळलं, आणि तो पाऊस म्हणजे टँकरची फुटलेली तोटी. पलीकडे खाण. सोनबाने काठावर उभं राहून खाली बघितलं. मग म्हणाला, एवढी मोठी विहीर खणली आणि पाणी लागलं नाही, काय वाटलं असेल त्या माणसाला.

पहिल्याच दुपारी आमची इज्जत गेली. मैदानात आम्ही बांबू मांडत होतो आणि अचानक भोंगा वाजला, असा की कानठळ्या बसाव्यात. मी ओरडलो, पळा. आम्ही दोघं कापडाच्या गठ्ठ्याखाली शिरलो. धडाम आवाज झाला, जमीन हलली, मग शांतता. कापड वर करून बघितलं तर समोरच्या टपरीवर दहा-बारा माणसं चहा पीत आमच्याकडे बघत होती. तो रोजचा दोनचा सुरुंग होता. त्यावर लोक घड्याळं लावतात. त्या दिवसापासून दोनला भोंगा झाला की टपरीवाला आम्हाला लांबून हाक मारून सांगायचा की घाबरू नका.

पण त्या गावाला आमच्या मांडवाचं वेड लागलं होतं, आणि त्याचं कारण कळल्यावर मलाही लागलं. त्या वसाहतीत आजवर एकही लग्न झालं नव्हतं. ओडिशाचे, बिहारचे, आंध्रातले, सगळे सुट्टी काढून आपापल्या गावी जाऊन लग्नं करून येतात. इथं फक्त भोंगा आणि धूळ. त्यामुळे आमचं लाल-पिवळं कापड वर चढलं तेव्हा कामावरून सुटलेले लोक घरी न जाता मांडवाखाली येऊन नुसते बसायला लागले. आंध्रातल्या बायकांनी न विचारता रांगोळ्या घातल्या. कॅन्टीनवाल्याने विचारलं की तुमच्याकडे लग्नात काय खातात. मंगलवहिनींनी सांगितलं, मासवडी. तिच्यात मासा नसतो, ती बेसनाची असते आणि आत तीळखोबऱ्याचं सारण असतं हे ऐकून तो खूश झाला, मग ओल्या कापडावर ती थापताना त्याची पहिली मासवडी लांबलचक होऊन टेबलाच्या खाली लोंबायला लागली. डंपरचा ड्रायव्हर येऊन म्हणाला, मिरवणुकीत माझा डंपर घ्या. डंपरचं चाक सोनबापेक्षा उंच होतं. आम्ही हात जोडले.

या सगळ्या आनंदात माझं लक्ष मात्र मेखांवर होतं. कारण वाळू. पहिली मेख मी पूर्ण ताकदीने ठोकली आणि दोन बोटांनी ओढली, तर केळ्यातून उदबत्ती निघावी तशी वर आली. दुप्पट लांबीच्या मेखा ठोकल्या, त्याही आल्या. पाणी ओतून बघितलं. ओली वाळू तासाभरात सुकायची. मांडव उभा दिसत होता, पण तो सवयीने उभा होता. आणि वैशाखात तिथं आंधी, म्हणजे वाळूचं वादळ, येते असं जो तो हसत हसत सांगत होता. खाटेवर पडलेला नाना रोज विचारायचा, कसा आहे माझा मांडव. मी सांगायचो, झकास. अडतीस वर्षांपूर्वी मान हलवली होती तशीच.

डहाळ्यांच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाड आलं. निरगुडसरच्या पावण्यांनी आठवणीने आंबा, जांभूळ, उंबराचे डहाळे ओल्या गोणपाटात गुंडाळून रेल्वेतून आणले होते. गोणपाट सोडलं तर आत पापड. हात लावला की चुरा. आता गाडीत काय घालणार? सगळ्यांचे चेहरे उतरले. नानाला कुणी सांगेना. तेव्हा सोनबा धावत आला, त्याचे डोळे चमकत होते. म्हणाला, "भाई, तिकडं झाड हाय. आपली सौंदड हाय, चला."

मैदानापासून दोनशे पावलांवर वाळूत एकटं हिरवंगार झाड उभं होतं. खरंच सौंदड, आपण दसऱ्याला पूजतो ती शमी. एवढ्या परक्या मुलखात घरचं माणूस भेटावं तसा मला आनंद झाला. आमच्याकडे झाड शुभ असलं की त्याचा डहाळा घ्यायचा, आणि जास्त शुभ असलं तर दोन घ्यायचे, ही रीत. मी सोनबाला म्हटलं, चढ, चांगले मोठे पाच काढ. त्याने कोयत्याने एक बारीक फांदी काढली आणि दुसरीवर हात उगारला, तेवढ्यात खालून किंकाळी आली.

जवळच्या वस्तीतली एक म्हातारी धावत येत होती. ती आली आणि झाडाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी राहिली. तिच्या मागे तिचा मुलगा, त्याच्या मागे सगळी वस्ती. कुणी आम्हाला हात लावला नाही, शिवी दिली नाही, नुसते भोवती उभे राहिले. ते मारापेक्षा वाईट होतं. सोनबा वरच बसला होता आणि त्याला खाली उतरावं की नको तेच कळत नव्हतं.

स्वातीला कुणीतरी बोलावलं. ती तिथंच वाढलेली, त्यांची बोली तिला येते. हातापायाला मेंदी लागलेली नवरी वाळूतून धावत आली. म्हातारी बोलत होती, स्वाती मला सांगत होती. हे खेजडीचं झाड. त्यांच्यात या झाडाची हिरवी फांदी तोडणं म्हणजे घरातल्या माणसावर हात उगारणं. उन्हाळ्यात सगळं मरतं तेव्हा हेच हिरवं राहतं, शेळीला पाला देतं, माणसाला शेंगा देतं. आम्ही ज्याला मान द्यायला कोयता काढला, त्याला ते मान द्यायला कोयता लावत नव्हते. झाड तेच होतं, आणि देवपणही तेच.

मी म्हातारीपुढं टोपी काढून बसलो आणि स्वातीकडून सांगितलं की चूक माझी, या वरच्या माणसाची नाही, आणि ही मिठी आमच्या गावात असती तर आमचीही बरीच झाडं वाचली असती. म्हातारीने विचारलं, फांदी कशाला हवी होती. स्वातीने तिला डहाळ्यांचं सगळं सांगितलं. बैलगाडी, मारुती, ताशा, खाटेवरचा बाप. म्हातारी ऐकत राहिली. मग तिने झाड सोडलं आणि काहीतरी म्हणाली. स्वाती हसली आणि रडली, दोन्ही एकदम.

"चाचा, ती म्हणतीये, झाड मांडवाकडं कशाला नेता? मांडवच झाडाकडं आणा."

हातात एक रात्र आणि एक सकाळ होती. उभा मांडव उकलायचा आणि दोनशे पावलं नेऊन पुन्हा घालायचा. मी तोंड उघडायच्या आत कामावरून सुटलेली अख्खी पाळी बांबू उचलायला धावली होती. ओडिशाचा माणूस ओडियात आणि आंध्रातला तेलुगूत ओरडत होता आणि सोनबा दोघांनाही मराठीत उत्तर देत होता, आणि काम बरोबर चाललं होतं.

नव्या जागी मी छत एकसंध घातलं नाही. झाड मध्ये घेतलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छताचे दोन भाग केले, मध्ये खेजडीला मोकळं आभाळ ठेवलं. झाडाला एकही दोर लावला नाही. आणि मेखांचं कोडं म्हातारीच्या मुलाने सोडवलं. मी मेखेवर घण घालताना तो पोट धरून हसत होता. मग त्याने वाळूत कमरेएवढा खड्डा केला, एका पोत्यात वाळू भरली, पोत्याच्या कमरेला दोर बांधला आणि पोतं आडवं पुरून टाकलं. म्हणाला, ओढ. मी ओढलं, सोनबाने ओढलं, मग आम्ही दोघांनी मिळून ओढलं. पोतं हललं नाही. वाळू वाळूला धरते, लोखंडाला नाही. अडतीस वर्षं मी जमिनीत वस्तू ठोकत आलो आणि जमीन जमिनीत पुरायची असते हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही बावीस पोती पुरली. मी प्रत्येक तणावा स्वतःच्या हाताने ओढून बघितला आणि झाल्यावर वाळूत आडवा पडून हसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दोनचा सुरुंग झाल्यावर डहाळे निघाले. बैल नव्हते, म्हातारीच्या मुलाची उंटगाडी होती. गाडीत सोनबाने काढलेली ती एकच बारीक फांदी, म्हातारीने स्वतः दिलेली, म्हणाली तुटली ती तुटली, तिला तरी मिरवा. वसाहतीतल्या मारुतीच्या देवळीला गाडी गेली. ताशा घोडेगावचा, ढोल राजस्थानी, आणि शाळेतल्या मुलांचा बँड एकच धून वाजवत होता, ती स्वातंत्र्यदिनाची. खाणीतले साहेब नाचले, डॉक्टर नाचला, कॅन्टीनवाला हातात मासवडी घेऊन नाचला. उंटाला हे काय चाललंय ते कळेना, पण तोही मान हलवत होता.

नानाला रुग्णालयाच्या खाटेसकट आणलं होतं. वाळूत चाकं रुतली म्हणून चौघांनी खाट खांद्यावर घेतली. नाना वरून ओरडला, "उचला, पर तोंडानं राम म्हनू नका रे." आणि झाडाखाली उतरेपर्यंत स्वतःच हसत राहिला.

गाडी मांडवाशी आली आणि थांबली. उंटगाडी बैलगाडीपेक्षा उंच, दोन तणावे तिच्या आड येत होते.

मी ते सोडले. गाडी आत गेली, ताशा टिपेला पोचला, सगळे मला ओढायला लागले, चाचा नाचो, भाई नाचा. सोनबासुद्धा नाचत होता, ज्याला तीस वर्षांत मी नाचताना बघितलं नव्हतं. मी दोन्ही दोर मनगटाला गुंडाळून उभा राहिलो. गाडीचं मागचं चाक आत गेलं त्या क्षणी खाली बसलो, दोर पुरलेल्या पोत्यांच्या दोरांना बांधले, ओढून बघितले, पुन्हा ओढून बघितले. वर मान केली तर खाटेवरून नाना माझ्याकडेच बघत होता.

लग्नाच्या दिवशी आंधी आली. कुणी बोलावल्यासारखी, तिसऱ्या मंगलाष्टकाला. लांबून पांढुरकी भिंत चालत यावी तशी. लोक उठले. मी सगळ्यांना बसायला सांगितलं आणि स्वतः जवळचा दोर धरला. वारा आत शिरला, कापड फुगलं, बांबू कुरकुरले, बावीस दोर एका सुरात वाजायला लागले. मांडव उचलला जातोय असं मला वाटलं. पण खेजडीसाठी मध्ये ठेवलेल्या त्या मोकळ्या आभाळातून वारा वर निघून गेला. झाडाने तेवढा पाला गदागदा हलवला आणि दोनचार शेंगा गुरुजींच्या डोक्यावर टाकल्या. गुरुजी थांबले नाहीत. ओळ मात्र चुकले, ती मी सांगितली. वाळू खाली बसली, सगळे पांढरे झाले होते, नवरानवरी ओळखू येत नव्हती आणि मांडव उभा होता.

सगळी माणसं टाळ्या वाजवत असताना मी नानाच्या खाटेशी गेलो. त्याच्या मिशीत वाळू होती.

तो म्हणाला, "काल तू नाचला न्हाईस."

मी म्हटलं, "काम व्हतं, नाना."

"आन् माज्या लग्नात काम न्हवतं व्हय?"

मी खाटेच्या कडेला टेकलो. तो म्हणाला, "मला हळद लावून वट्यावर बसवला व्हता. हलायचं न्हाई म्हनले. मग मानूस काय करनार, बघत बसनार. तू तणावे सोडले ते बगितलं. नाचलास ते बी बगितलं. लई ग्वाड नाचत व्हतास राव, मलाबी दोरांची याद राह्यली न्हाई."

अडतीस वर्षं. मी विचारलं, मग बोलला का नाहीस कधी.

"बोललो असतो तर तुला फुडं कुणी मांडव दिला असता का?"

मला तिथंच रडू आलं, आणि ते लपवलं नाही. मंगलवहिनी शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, मला तर तवाच, कापडाखाली सांगितलं व्हतं यांनी. म्हनून तर गावाला तसं बोलले मी." म्हणजे मुलूख माझ्या ज्या मांडवाला डोंगर म्हणत होता, तो डोंगर या दोघांनी तोंड मिटून धरून ठेवला होता.

नानाने माझा हात धरला. "आता सांग, समदे तणावे बांधलेत?"

"समदे. दोनदा बगितलेत."

"मंग नाच की."

ताशेवाल्याला त्याने खाटेवरूनच इशारा केला. मी सत्तावन्न वर्षांचा, डावा गुडघा दुखरा, अंगभर पांढरी धूळ. सोनबाने माझ्या हातातला घण काढून घेतला. ती म्हातारी झाडाशी बसली होती, तिने ओढणी तोंडाशी धरून हसायला सुरुवात केली. मी नाचलो, एकोणीस वर्षांचा असल्यासारखा नाचलो, आणि या वेळी मध्ये कुणी मला थांबवलं नाही, वाऱ्यानेसुद्धा नाही.

स्वातीने नंतर तिच्या लग्नाचे फोटो पाठवले. त्यातल्या एकात अगदी मध्ये मी आहे, दोन्ही हात वर, घण नाही. तोंड मात्र सवयीने आभाळाकडेच आहे.